क्लोथो: चर्चा मेंदूची, मुक्काम किडनीत

लाळेच्या नमुन्यावरून जनुकं तपासून देणारे किट आता बेळगाव-निपाणीतही घरबसल्या मागवता येतात. म्हातारपण, स्मरणशक्ती आणि जनुकं हा विषय निघाला की त्यात क्लोथो या जनुकाचं नाव येतंच. मग दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘आईला विसरायला होतंय, तिची क्लोथोची टेस्ट करून घेऊ का?’ आणि ‘क्लोथो वाढवायच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, त्या द्याव्यात का?’

दोन्हींना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण हे जनुक म्हणजे थोतांड नव्हे. त्यामागचं संशोधन भक्कम आहे. ते नीट समजून घेतलं तर आईची कुठली तपासणी आधी करायची, हेही त्यातूनच कळतं. ती तपासणी लघवीची आहे, काही शे रुपयांत होते आणि तालुक्याच्या गावातल्या बऱ्यापैकी लॅबमध्ये नमुना देता येतो.

सुरुवात जपानमधून. माकोतो कुरो-ओ आणि योइची नाबेशिमा यांचा गट रक्तदाबाच्या अभ्यासासाठी उंदरांमध्ये एक परकं जनुक घालत होता. ते जनुक एका वाणात भलत्याच जागी जाऊन बसलं आणि तिथलं मूळचं एक जनुक निकामी झालं. १९९७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ही पिल्लं तीन-चार आठवडे अगदी ठणठणीत वाढायची. मग वाढ खुंटायची, हाडं विरळ व्हायची, कातडी पातळ पडायची, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचायचं, फुफ्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंती मोडायच्या, आणि साधारण साठ दिवसांत सगळं आटपायचं. प्रयोगशाळेतला साधा उंदीर दोन वर्षं आणि वर जगतो. आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेवरून या जनुकाला क्लोथो नाव दिलं गेलं. २००५ मध्ये याच गटाने उलट बाजू दाखवली. क्लोथो जास्त बनवणारे नर उंदीर २० ते ३१ टक्के जास्त जगले, माद्या सुमारे १९ टक्के.

माणसात हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यापासून १०१२ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. ते सर्वांत जास्त बनतं किडनीत, मूत्रनलिकेच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींमध्ये. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींत बनतं आणि मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्येही बनतं, पण रक्तात फिरणाऱ्या क्लोथोचा मोठा पुरवठा किडनीचाच. प्रथिन पेशीच्या भिंतीत रोवलेलं असतं. दोन विकरं (एन्झाइम) त्याचा बाहेरचा भाग छाटतात आणि तो सुटा तुकडा रक्तात उतरतो.

किडनीत त्याचं मुख्य काम फॉस्फेटशी संबंधित आहे. आपल्या हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक निघतं. फॉस्फेट जास्त झालं की ते लघवीवाटे सोडायला लावायचं आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप आवरतं घ्यायचं, हे त्याचं काम. हा निरोप किडनीच्या पेशीला पोचायचा तर तिथल्या रिसेप्टरच्या, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या, जोडीला क्लोथो असावंच लागतं. २००६ मध्ये हे सिद्ध झालं. क्लोथो नसेल तर हाडं कितीही एफजीएफ-२३ सोडोत, किडनीला ते कळतच नाही. रक्तात फॉस्फेट चढतं, ड जीवनसत्त्व चढतं आणि कॅल्शियम जिथे बसू नये तिथे जाऊन बसतं.

क्लोथो नसलेल्या उंदरांना कमी फॉस्फेटचं खाणं दिलं तेव्हा त्यांची बरीच लक्षणं मागे हटली. जनुक तुटलेलंच होतं, तरी ‘म्हातारपण’ लांबलं. म्हणजे त्या उंदरांचं म्हातारपण बऱ्याच अंशी फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व बेताबाहेर गेल्याचं होतं. क्लोथो म्हणजे चिरतारुण्याचं जनुक, असं लिहिणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात. माणसातही हे दिसलं आहे. २००७ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या क्लोथोच्या दोन्ही प्रतींत, म्हणजे आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या, एकच दोष होता, फॉस्फेट चढलेलं होतं, आणि मेंदूच्या आवरणात व मानेच्या धमनीत कॅल्शियम साचलं होतं.

आता मेंदूकडे. क्लोथोच्या जनुकात केएल-व्हीएस नावाचा एक प्रकार काही लोकांत असतो. प्रथिनातली ३५२वी आणि ३७०वी अशी दोन अमिनो आम्लं बदललेली असतात आणि हे दोन्ही बदल कायम एकत्रच येतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण चार-पाचजणांत एकाकडे याची एक प्रत असते, आणि शंभरात दोन-तीनजणांकडे दोन्ही. गंमत अशी की फायदा दिसतो तो एक प्रत असलेल्यांत. दोन्ही प्रती असल्या की फायदा राहत नाही, काही अभ्यासांत तर नुकसान दिसलं आहे. ‘एक चांगली तर दोन आणखी चांगल्या’ हा हिशोब इथे चालत नाही. रिपोर्ट वाचताना सर्वांत जास्त गफलत होते ती इथेच.

२०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डीना डुबल आणि सहकाऱ्यांनी ५२ ते ८५ वयाच्या ७१८ लोकांची तीन गटांत तपासणी करून सांगितलं की एक प्रत असलेल्यांचे स्मरण, लक्ष आणि भाषा यांच्या चाचण्यांतले एकत्रित गुण सरासरीने थोडे वर आहेत. वयानुसार होणारी घसरण मात्र त्यांच्यात हळू झाली असं दिसलं नाही. ते थोड्या वरच्या पायरीवरून उतरतात, एवढंच. उंदरांमध्ये याचं कारणही सापडलं. क्लोथो जास्त असलं की स्मरणाशी संबंधित एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक चेतापेशींच्या जोडांवर जास्त मिळतो आणि जोड बळकट होणं सोपं जातं. २०२३ मध्ये सरासरी २२ वर्षं वयाच्या ऱ्हीसस माकडांना, म्हणजे माणसाच्या साठी-पासष्टीतल्या, कातडीखाली क्लोथोचं एकच इंजेक्शन दिलं. किलोमागे १० मायक्रोग्रॅम या मात्रेवर त्यांची स्मरणाची कामगिरी सुधारली आणि ती किमान दोन आठवडे टिकली. मात्रा वाढवली तेव्हा फायदा दिसला नाही. इथेही पुन्हा तेच, जास्त म्हणजे चांगलं नव्हे.

आणखी एक कोडं आहे. इंजेक्शनने दिलेलं क्लोथो रक्तातून मेंदूत शिरत नाही, तरी मेंदूवर परिणाम होतो. मध्ये कुणीतरी निरोप्या असणार. त्याच वर्षी उंदरांवरच्या कामात रक्तातल्या प्लेटलेट्समधून निघणारा पीएफ-४ हा घटक त्यातला एक असल्याचं पुढे आलं.

सगळेच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. काही मोठ्या गटांत केएल-व्हीएस आणि बुद्धी यांचा संबंध सापडला नाही. फरक सापडतो तिथेही तो सरासरीचा असतो. एका माणसापुरतं बोलायचं तर शिक्षण, झोप, ऐकू येणं, बीपी यांतला फरक त्याला सहज झाकून टाकतो.

कच्ची फाईल कशी वाचायची

ज्यांनी पैसे भरून टेस्ट करून घेतलीच आहे त्यांच्यासाठी. कंपनीच्या सजवलेल्या रिपोर्टपेक्षा कच्ची डेटा फाईल मागून घ्या. संगणकावर ती साध्या मजकुरासारखी उघडते. त्यात आरएस ९५३६३१४ (rs9536314) हा जनुकातल्या जागेचा क्रमांक शोधा. समोर डीएनएची दोन अक्षरं असतात. टी-टी (TT) असेल तर नेहमीचा प्रकार, टी-जी (TG) असेल तर केएल-व्हीएसची एक प्रत, जी-जी (GG) असेल तर दोन. टी आणि जीच्या जागी ए आणि सी दिसले तर घाबरू नका. डीएनएचे दोन धागे एकमेकांचे पूरक असतात आणि फाईल दुसऱ्या धाग्यावरून वाचलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी जागा आरएस ९५२७०२५ (rs9527025). इथे बदल जीचा सी असा होतो, आणि इथेच लोक चकतात. दुसऱ्या धाग्यावरून वाचलं तर जी दिसायचा तिथे सी दिसतो आणि सी दिसायचा तिथे जी. म्हणजे नुसती अक्षरं पाहून धागा कुठला ते ओळखता येत नाही आणि नेहमीचा माणूस दोन्ही प्रतींचा वाटू शकतो. म्हणून निर्णय पहिल्या जागेवरून घ्यायचा आणि दुसरी पडताळ्यापुरती पाहायची. पहिली टी-टी आणि दुसरी सी-सी निघाली तर धाग्याचा घोळ आहे. पहिली टी-जी असताना दुसरी मिश्र नसेल तर वाचनातच चूक आहे. अशा फाईलवर विसंबू नका.

फाईल उघडण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा. त्याच फाईलमध्ये एपीओई जनुकाच्या जागाही असतात. एपीओईचा ई-४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीला साधारण तीन-चार पट, दोन प्रतींना त्याहून कितीतरी जास्त. भारतात याचं प्रमाण कमी असल्याचं हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात दिसलं होतं, पण ज्याच्याकडे आहे त्याला त्याचा काय दिलासा! डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा संपूर्ण जीनोम जगासमोर ठेवला तेव्हा एपीओईची जागा मात्र झाकून ठेवायला सांगितली होती. तुम्हालाही तो हक्क आहे. एकदा पाहिलेलं न पाहिल्यासारखं करता येत नाही, आणि मुलाची फाईल आईबापाबद्दलही काही सांगून जाते.

या दोन जनुकांचा एकमेकांशी संबंधही आहे. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की ई-४ असलेल्यांकडे केएल-व्हीएसची एक प्रत असेल तर अल्झायमरचा धोका काहीसा कमी दिसतो, आणि ६० ते ८० या वयात हे जास्त ठळक असतं. अशा अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. खानापूर किंवा चंदगडच्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

रक्तातल्या क्लोथोची पातळी मोजणारी टेस्टही आहे, पण ती संशोधनातली. एका किटचा आकडा दुसऱ्या किटशी जुळत नाही, नमुना पुन्हा पुन्हा गोठवला-वितळवला तर आकडा बिघडतो, आणि ‘इतक्याच्या खाली म्हणजे आजार’ अशी सर्वमान्य रेषा नाही. तो आकडा हातात घेऊन कुठलाही डॉक्टर वेगळं काही करू शकणार नाही.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. क्लोथो हे मोठं प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर जठरात डाळीच्या प्रथिनासारखंच पचून जाईल. माकडांनाही इंजेक्शनच द्यावं लागलं. माणसांसाठी मंजूर झालेलं क्लोथोचं औषध आज नाही. ‘क्लोथो बूस्टर’ म्हणून जे विकलं जातं त्यात कसली तरी वनस्पती किंवा ड जीवनसत्त्व असतं. ड जीवनसत्त्व उगाच जास्त घेतलं तर कॅल्शियम चढतं आणि किडनीलाच त्रास होतो. क्लोथो वाढवायला निघून क्लोथोचा कारखानाच बिघडवायचा प्रकार!

किडनी आधी बघा

किडनीचा आजार सुरू झाला की क्लोथो फार लवकर घसरायला लागतं, किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन ठळकपणे चढायच्या आधीपासून. आणि किडनी मंदावलेल्या माणसांत लक्ष लागणं, हिशोब, कामाचा क्रम लावणं यांत घसरण जास्त दिसते, हे स्वतंत्रपणे सिद्ध आहे. त्याला क्लोथो एकटं कारण नाही. बीपी, शुगर आणि बारीक रक्तवाहिन्यांचा आजार किडनी आणि मेंदू दोघांनाही एकाच वेळी पोखरतो. पण तुमच्या हातात जे आहे ते इथे आहे, जनुकात नाही.

आपल्याकडे क्रिएटिनिन करून घेतात आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. एक उदाहरण बघा. रिपोर्टात क्रिएटिनिन १.१ आहे आणि लॅबने छापलेल्या मर्यादेत बसतं आहे. हा रिपोर्ट ३० वर्षांच्या तरुणाचा असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याच्या किडनीचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ९३ च्या आसपास येतो. उत्तम. तोच १.१ सत्तर वर्षांच्या बाईचा असेल तर ईजीएफआर ५४ येतो. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. आकडा एकच, माणूस वेगळा, अर्थ वेगळा. त्यातून ती बाई हडकुळी असेल तर खरा वेग ५४ पेक्षाही कमी असू शकतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तिच्या अंगात स्नायूच कमी. अशा वेळी डॉक्टर सिस्टाटिन-सी ही रक्ताची दुसरी तपासणी मागवतात. तेव्हा लॅबमध्ये वय नीट लिहून घ्या आणि रिपोर्टात ईजीएफआर छापून मागा. ते छापत नसतील तर डॉक्टरांना काढायला सांगा.

दुसरी तपासणी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, एसीआर. सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, लॅबने दिलेल्या डबीत. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी लावणी-मळणीसारखं दणकून काम झालं असेल तर नमुना देऊ नका, आकडा खोटा चढतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक. वर आला तर एकाच रिपोर्टवर घाबरायचं नाही, तीन महिन्यांच्या आत पुन्हा करायची. पट्टी बुडवून बघतात ती साधी लघवी तपासणी याला पर्याय नाही, थोडं अल्ब्युमिन तिला दिसत नाही. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाची एसीआर वर्षातून एकदा झालीच पाहिजे, आणि आपल्या भागात ती सर्वांत जास्त राहून जाणारी तपासणी आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग किडनी बिघडवतं काय? शुगर आणि बीपी हे मोठे दोन. तिसरी आपल्या घराघरात असलेली अंगदुखीची गोळी. ऊसतोडीला जाणारे, भातलावणीत दिवसभर वाकणारे, वडगाव-खासबागेत मागावर बसणारे, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बायका, सगळे मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक चिठ्ठीविना आणतात आणि महिनोन्‌महिने घेतात. ही औषधं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. एरवी शरीर ते सांभाळून घेतं. पण त्याच माणसाला बीपीची टेलमिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल, आणि एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडलं असेल, तर किडनीचा दाब सावरायचे सगळेच मार्ग एकदम बंद होतात आणि दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. यातली बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, दूरच्या हिशोबात तीच किडनी वाचवते. बंद करायची ती दुखण्याची गोळी. जुलाब-उलट्या चालू असताना मात्र बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लगेच फोन करून विचारायचं. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल, शेक, मांडीचे व्यायाम आणि लावायचं मलम यांवर भागतं का ते आधी बघा.

निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्याबद्दल वेगळं सांगायला नको. बिडी असो की मिशेरी, निकोटिन पोटात जातंच, आणि बिडीच्या धुराने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात.

बीपीच्या बाबतीत मेंदूसाठी ठोस पुरावा आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९,३६१ लोक होते. ज्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलं त्यांच्यात १४० च्या गटापेक्षा सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्के कमी झाली, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नाही. १२० हा आकडा प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला झेपतोच असं नाही, उभं राहताना चक्कर येऊन पडला तर कंबरेचं हाड जातं. लक्ष्य डॉक्टरांनी ठरवावं. घरी मोजताना मात्र पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा.

फॉस्फेटचं काय? किडनी धडधाकट असेल तर भाकरी, डाळ, दूध यांना घाबरायचं कारण नाही. किडनी मंदावली असेल तर खरा शत्रू पाकीटबंद खाण्यात असतो. ज्वारी, नाचणी, डाळी यांतलं फॉस्फेट बरंचसं फायटेट नावाच्या रूपात बांधलेलं असतं आणि त्यातलं निम्म्याहूनही कमी अंगी लागतं. कारखान्यात घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत, आत घातलेल्या रसायनांचे आयएनएस (INS) क्रमांक छापलेले असतात. ३३८ म्हणजे फॉस्फॉरिक आम्ल, कोलात असतं. ३३९, ३४०, ३४१ आणि ४५०, ४५१, ४५२ ही फॉस्फेटं प्रोसेस्ड चीज, नूडल्स, बेकरीचे पदार्थ, गोठवलेलं मांस यांत सापडतात. किडनीच्या माणसाने हे सात आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावेत. फॉस्फेट भाकरीतून आलं की कोलातून, हे न विचारता आधी भाकरी तोडली जाते, आणि म्हातारा माणूस विनाकारण अशक्त होतो. पथ्य आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

व्यायामाने रक्तातलं क्लोथो थोडं वाढतं असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. साधारण १२ आठवडे नियमित केल्यावर. क्लोथोचा आकडा वाढो न वाढो, चालण्याने बीपी आणि शुगर उतरतात, तेवढं कारण पुरेसं आहे.

बुद्धी मोजताना भाषा कुठली

या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी चाचणीचे गुण असतात. जनुकाचा परिणाम मोजायचा तर आधी बुद्धी नीट मोजली पाहिजे. सीमाभागातल्या मराठी म्हाताऱ्यांच्या बाबतीत गाडी तिथेच अडते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तपासणीसाठी चाचण्यांचा एक संच बनवला. तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांत तयार झाला. काम चांगलंच आहे, पण त्या पाचांत मराठी नव्हती. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आजीला ‘एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगा’ असं कन्नडमध्ये विचारलं, तर तिचे गुण भाषेमुळे पडतील आणि शेरा स्मरणशक्तीवर बसेल.

दोन भाषा बोलणं हे मुळात नुकसानीचं नाही, उलट आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. केएल-व्हीएस तुमच्याकडे आहे की नाही हे नशिबाचं, पण मराठी, कन्नड आणि थोडी हिंदी हे भांडवल इथल्या शेतकऱ्याकडे आणि भाजीवालीकडे आधीच आहे. घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना दोन्ही भाषा चालू ठेवा.

तपासणीला नेताना काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. घरची भाषा कुठली, शाळा किती आणि कुठल्या माध्यमात. ‘आज कुठला महिना?’ या प्रश्नाला आजी ‘आषाढ’ म्हणाली आणि तो खरंच आषाढ असेल तर ते बरोबर उत्तर आहे. ‘आपण कुठल्या राज्यात आहोत?’ हा प्रश्न तर आपल्याकडे फारच जपून घ्यावा लागतो. पंच्याऐंशीच्या घरातली व्यक्ती जन्मली तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. एखादे आजोबा ‘महाराष्ट्र’ म्हणाले तर ते विस्मरण असेल किंवा आयुष्यभराची धारणा असेल. ‘आपल्या गावाचा तहसीलदार कुठल्या सरकारचा?’ असं विचारलं की फरक कळतो. न शिकलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करायला लावण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगता येतं.

कान आणि डोळे आधी तपासून घ्या. वर्षानुवर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात किंवा उद्यमबागच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, आणि न ऐकलेला शब्द आठवणार कसा? ऐकू कमी येणं हे स्वतःच डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांपैकी एक आहे, असं लॅन्सेटच्या २०२४ च्या आयोगाने म्हटलं आहे. कानातला मळ काढून चाचणीचे गुण वाढलेली माणसं असतात. चष्मा घरी विसरू नका. सोबत चालू औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या घ्या, झोपेच्या गोळीची सुद्धा. रक्ताच्या यादीत थायरॉइड आणि बी-१२ असू द्या. शाकाहारी घरातला माणूस किंवा शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणारा असेल तर बी-१२ नक्कीच, कारण त्याच्या कमतरतेने आलेला विसराळूपणा इंजेक्शनने सुधारू शकतो. आणि एसीआरसाठी सकाळच्या पहिल्या लघवीची डबी आदल्या संध्याकाळीच लॅबमधून आणून ठेवा.